कंपनी की सरकार? खारघरमधून पाहताना

सरकारी संस्थांचे प्रकार हा विषय कोरडा वाटतो. पण संस्थेचा प्रकार ठरला की तिला जाब कोण विचारणार, हेही ठरून जातं. म्हणून आपल्या खारघरचंच उदाहरण घेऊ.

सिडको म्हणजे नेमकं काय? ते सरकारचं खातं नाही, पालिकाही नाही. मार्च १९७० मध्ये कंपनी कायद्याखाली नोंदलेली ती कंपनी आहे. मालकी राज्य सरकारची. पुढे नव्या शहराचं नियोजनही तिच्याकडेच दिलं. म्हणजे बघा, जमीन विकणारी तीच आणि त्या जमिनीवर काय बांधायचं ते ठरवणारीही तीच!

शहर उभारायला हा प्रकार सोयीचा होता, हे मान्य केलं पाहिजे. भूखंड विकायचे आणि त्या पैशातून रस्ते, नाले बांधायचे. पण ज्यांची जमीन गेली, त्यांचं काय? कंपनीच्या संचालक मंडळाला मतपेटी नसते. विधानसभेत प्रश्न विचारता येतो, पण तो मंत्र्यांमार्फत, फिरून. शेवटी जानेवारी १९८४ मध्ये दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालच्या लढ्यात पोलीस गोळीबारात पाच जणांचे प्राण गेले. विकसित जमिनीतला साडेबारा टक्के वाटा मिळाला तो त्यानंतर.

चीनमध्ये ही वर्गवारी चोख आहे. नवं मंत्रालय काढायचं तर तिथल्या संसदेचा किंवा तिच्या स्थायी समितीचा निर्णय लागतो. शिन्हुआ वृत्तसंस्था केंद्र सरकारच्याच हाताखाली असते, पण मंत्रालय म्हणून नव्हे, वेगळ्या प्रकारची संस्था म्हणून. पण वर्गवारी चोख असली म्हणजे सामान्य माणसाच्या हाती प्रश्न येतो, असं नाही.

आपल्याकडे तो यायला २०१६ उजाडलं. १ ऑक्टोबरला पनवेल महापालिका झाली, मे २०१७ मध्ये नगरसेवक निवडून आले. मतपेटी आली, पण कामं सगळी एकदम आली नाहीत. महापालिकेने २०१६ पासूनचा मालमत्ता कर मागितला, तेव्हा रहिवासी म्हणाले, त्या काळात सेवा सिडकोच्या होत्या आणि सेवाशुल्कही आम्ही तिलाच भरलं. हा वाद नुसत्या पैशांचा नाही. मत एकीकडे आणि काम दुसरीकडे, असं झालं की जबाबदारी मधल्या मध्ये हरवते.

माझी टीका कंपनीवर नाही, तिला मुदत न घालण्यावर आहे. शहर बांधणाऱ्या संस्थेने कोणतं काम कोणत्या तारखेला लोकनियुक्त सभेकडे सोपवायचं, हे पहिल्याच आदेशात लिहिलेलं हवं. पुढचं नवं शहर जाहीर होईल तेव्हा नकाशाच्या आधी ती तारीख मागा.