पहिले पुराण आणि झाकलेले भांडे : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील यहुदी मूळ

ख्रिस्ती शिकवणुकीचे मूळ यहुदी धर्मपरंपरेत आहे, हे विधान आज वादग्रस्त राहिलेले नाही. सर्वांत थोर आज्ञा कोणती, या प्रश्नाला येशूने दिलेले उत्तर तोराच्या दोन वचनांतून सिद्ध झालेले आहे. ईश्वराच्या एकत्वाचे वचन अनुवादाच्या ग्रंथातले आहे आणि शेजाऱ्यावरील प्रीतीचे लेवीयाच्या ग्रंथातले. दुसऱ्या शतकात मार्सियनने हिब्रू धर्मग्रंथ ख्रिस्ती धर्मातून वगळू पाहिले, तेव्हा चर्चने त्याला पाखंडी ठरविले. विसाव्या शतकात गेझा वर्मेश (1973) आणि ई. पी. सँडर्स (1977) यांच्या ग्रंथांनी येशू व पौल यांना त्यांच्या यहुदी परिसरात पुन्हा उभे केले. परंतु ही सारी चर्चा युरोपीय भाषांच्या अनुभवावर आधारलेली आहे. मराठीत या प्रश्नाला एक वेगळे परिमाण प्राप्त होते. यहुदी वारशावर हक्क सांगणारे ख्रिस्ती वाङ्मय मराठीत आहे, आणि त्या वारशाचे मूळ धनी असलेल्यांपैकी एक समाज, म्हणजे कोकणातील बेने इस्राएल, हाही मराठीच बोलत आला आहे. या दोन वाङ्मयप्रवाहांना एकत्र वाचल्यावाचून मराठी ख्रिस्ती साहित्याचे मूल्यमापन पूर्ण होऊ शकत नाही.

या विचाराचा आरंभ फादर थॉमस स्टीफन्स यांच्या क्रिस्तपुराणापासून करणे क्रमप्राप्त आहे. 1616 मध्ये साष्टीतील राचोल येथे प्रथम मुद्रित झालेल्या या सुमारे 11,000 ओव्यांच्या ग्रंथाचे दोन भाग आहेत. पहिल्या पुराणात सृष्टीच्या उत्पत्तीपासून तारकाच्या प्रतीक्षेपर्यंतची इस्राएलाची कथा येते; दुसऱ्यात ख्रिस्तचरित्र येते. येथे नामकरणाकडे लक्ष द्यावयास हवे. पुढील काळात मराठीत रूढ झालेल्या ‘जुना करार’ व ‘नवा करार’ या संज्ञांत कालबाह्यतेचा एक सूर अटळपणे मिसळतो, कारण नवे आले की जुने मागे पडते. ‘पहिले’ आणि ‘दुसरे’ या क्रमवाचक शब्दांत तसे काही नाही. पहिल्यावाचून दुसरे उभेच राहू शकत नाही. पुराण या प्रकाराची रचनाही याला अनुकूल आहे. सर्ग, वंश आणि वंशानुचरित यांची मराठी श्रोत्याला असलेली सवय आदाम, अब्राहाम, मोशे व दावीद यांच्या कथांना आपोआप जागा करून देते. युरोपात प्रवचनाच्या ओघात प्रमाणापुरता येणारा जुना करार येथे सलग आख्यान होऊन श्रोत्यांसमोर येतो. मराठी काव्यात यहुदी इतिहास इतक्या विस्ताराने येण्याची ही पहिलीच वेळ होय.

तथापि या औदार्याची मर्यादाही नोंदविली पाहिजे. गोव्यात धर्मन्यायासन 1560 मध्ये स्थापन झाले आणि त्याच्या आरंभीच्या रोषाचे प्रमुख लक्ष्य यहुदी वंशाचे ‘नवख्रिस्ती’ होते. वैद्य व वनस्पतिशास्त्रज्ञ गार्सिया द ओर्ता 1568 मध्ये निवर्तले. पुढच्याच वर्षी त्यांच्या बहिणीस जाळण्यात आले आणि 1580 मध्ये खुद्द ओर्तांच्या अस्थी उकरून जाळण्यात आल्या. स्टीफन्स गोव्यात पोहोचले ते 1579 मध्ये. म्हणजे ज्या भूमीत इस्राएलाची कथा ओवीबद्ध होत होती, त्याच भूमीत इस्राएलाचा सण घरात गुप्तपणे पाळणे हा प्राणांतिक अपराध होता. कथेचे स्वागत आणि कथेच्या वारसाचा निषेध असा हा अंतर्विरोध आहे. तो एकट्या स्टीफन्सचा नसून त्या काळच्या समग्र ख्रिस्ती दृष्टीचा आहे. म्हणूनच क्रिस्तपुराणाची थोरवी मान्य करतानाही तो नजरेआड करता येत नाही.

एरिक आउअरबाख यांनी 1938 च्या आपल्या ‘फिगुरा’ या निबंधात दाखविले आहे की, ख्रिस्ती अर्थनिर्णयनात पूर्वीची घटना नंतरच्या घटनेची पूर्वछाया ठरते, पण तिचे ऐतिहासिक वास्तव पुसले जात नाही. हे सूत्र क्रिस्तपुराणाला चपखल लागू पडते. मात्र त्यात एक गृहीत दडलेले आहे. पूर्वछाया ठरविली गेलेली घटना स्वतः बोलत नाही. तिचा अर्थ सांगणारा नंतरचाच असतो. मराठीत हे गृहीत टिकत नाही, कारण येथे पूर्वछायेला स्वतःचा आवाज आहे.

तो आवाज ग्रांथिक रूपात ऐकू येऊ लागला तो एकोणिसाव्या शतकातील मुंबईत, आणि तोही मिशनऱ्यांच्या साहाय्याने. अमेरिकन मिशनच्या शाळांत बेने इस्राएल मुले शिकू लागली. 1829 मध्ये मुंबईत आलेल्या डॉ. जॉन विल्सन यांनी 1832 मध्ये मराठीतून हिब्रू व्याकरण सिद्ध केले. हेतू उघड होता : हिब्रू धर्मग्रंथ मुळातून वाचता आला, तर हा समाज त्यातील भविष्यवाण्यांच्या वाटेने ख्रिस्ताकडे येईल. घडले ते निराळेच. समाजाने साधन स्वीकारले, साध्य नाकारले. हिब्रू मूळ आणि मराठी भाषांतर एकत्र असलेली पेसाहची हाग्गादा मुंबईत 1846 मध्ये शिळाछापावर निघाली. पुण्याची सचित्र हाग्गादा 1874 ची आहे. जोसेफ इझिकेल राजपूरकर यांनी हिब्रू प्रार्थनाग्रंथ मराठीत आणले. ज्या विद्येने मूळ फांदीला कलम करावयाचे, त्याच विद्येने मूळ फांदी फोफावली.

या दोन प्रवाहांतील भेद सर्वांत सूक्ष्मपणे प्रकटतो तो एका सणाच्या नावात. पेसाहसाठी मराठी बायबलने ‘वल्हांडण’ हा शब्द रूढ केला. ओलांडून जाणे हा त्याचा अर्थ. इस्राएलांची घरे ओलांडून गेलेल्या संहाराची आठवण त्यात आहे. हा शब्द कथा सांगतो. बेने इस्राएलांच्या घरांत मात्र याच सणाचे जुने नाव ‘अनाशी ढाकाचा सण’ असे होते. हायेम सॅम्युएल केहिमकर यांनी 1897 मध्ये लिहिलेल्या आणि 1937 मध्ये प्रसिद्ध झालेल्या इतिहासात समाजाच्या अशा देशी सणनामांची नोंद आहे. एरवी वापरात असलेल्या आंबट पदार्थाचे भांडे या दिवसांत झाकून ठेवायचे, एवढाच या नावाचा अर्थ. त्यात मिसर नाही, मोशे नाही, संहारही नाही. कथा विस्मृतीत गेली असताना कृती तेवढी टिकली, आणि ती स्वयंपाकघरात टिकली.

ख्रिस्ती शिकवणुकीच्या दृष्टीने पाहता ही कृती गौण नाही. पहिल्या तीन शुभवर्तमानांनुसार येशूचे शेवटचे भोजन हे वल्हांडणाचेच भोजन होते. योहानाच्या मांडणीत त्याचा मृत्यू सणाच्या पूर्वतयारीच्या दिवशी येतो. करिंथकरांस लिहिताना पौल जुने खमीर काढून टाकण्यास सांगतो, ख्रिस्ताला वल्हांडणाचा यज्ञपशू म्हणतो, आणि बेखमीर भाकरीतून निष्कपट जीवनाचा अर्थ काढतो. हे सारे रूपक आंबवण दूर ठेवण्याच्या घरगुती कृतीवर उभे आहे. जिच्या वाचकाने असे भांडे कधी झाकलेले पाहिले नाही, त्या परंपरेत खमीर हे केवळ पापाचे चिन्ह होऊन बसते. रायगड जिल्ह्यातील तेल गाळणाऱ्या, शनिवारी घाणा बंद ठेवणाऱ्या कुटुंबांपाशी त्या रूपकाचा मूळ आधार शाबूत होता. ‘वल्हांडण’ने मराठी ख्रिस्ती वाचकाला कथा दिली; ‘अनाशी ढाकाचा सण’ तीमागील आचार दाखवितो. पौलाचा युक्तिवाद समजण्यास दोन्ही लागतात.

पुढे कीर्तनाच्या क्षेत्रात हे प्रवाह एकमेकांच्या अगदी निकट आले. 1880 च्या सुमारास बेंजामिन शिमशोन अष्टमकर प्रभृतींनी बेने इस्राएलांत कीर्तनाचा प्रघात पाडला आणि हिब्रू धर्मग्रंथातील आख्याने मराठी पदांतून मांडली जाऊ लागली. 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतलेल्या नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती कीर्तनाला बळ दिले; त्यांचे अपुरे राहिलेले ख्रिस्तायन लक्ष्मीबाईंनी पूर्ण केले. दोघांचेही आदर्श वारकरी व नारदीय परंपरेतले होते. परंतु आख्यानाची दिशा भिन्न राहिली. बेने इस्राएल कीर्तनात मोशेची कथा मोशेपाशीच पूर्ण होते, तिला उत्तरार्धाची अपेक्षा नसते. तीच कथा ख्रिस्ती परंपरेत पूर्वार्ध ठरते. वृत्त, भाषा व श्रोत्यांची घडण समान असूनही जेथे कथा संपविली जाते, तेथे धर्म वेगळा होतो. तुलनाकारास याहून स्वच्छ उदाहरण क्वचितच लाभेल.

मराठी वाङ्मयेतिहासात मात्र ख्रिस्ती साहित्य एका प्रकरणात आणि बेने इस्राएलांचे लेखन, आलेच तर, तळटीपेत अशी विभागणी होत आली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने 28 ऑक्टोबर 1965 च्या घोषणापत्रात, पौलाच्या जैतून वृक्षाच्या दृष्टान्ताचा आधार घेऊन, चर्चचे पोषण कोणत्या मुळावर होते याची कबुली दिली. त्या मुळाची एक शाखा अलिबाग, पेण आणि मुंबईत मराठीतून प्रार्थना करीत आली, ही गोष्ट वाङ्मयाच्या अभ्यासाने अद्याप पुरेशी मनावर घेतलेली नाही. बेने इस्राएलांपैकी बहुसंख्य 1948 नंतर इस्राएलला गेले. उरलेल्यांची संख्या अल्प आहे. अशा स्थितीत हाग्गादा, प्रार्थनाग्रंथ आणि कीर्तनसंहिता यांचे वाचन क्रिस्तपुराणाच्या शेजारी ठेवून करणे अधिकच निकडीचे ठरते. पहिले पुराण ज्यांचे होते, त्यांनी ते मराठीतच, आपल्या परीने, पुढे चालविले होते.