रूढ नाव, यौगिक नाव आणि दुरुस्तीची मर्यादा

१

एखाद्या नियमातील दोष दुरुस्त करणे आणि त्या नियमाने सिद्ध झालेल्या शब्दांचा व्यवहार अबाधित राखणे ही दोन कर्तव्ये पुष्कळदा परस्परांच्या आड येतात. भाषेच्या अभ्यासकाला हा विरोध परिचित आहे. व्युत्पत्तीच्या दृष्टीने अशुद्ध ठरलेला शब्द लोकांच्या तोंडी रुळला असेल, तर अभ्यासकाची दुरुस्ती कोशात नोंदली जाते आणि बोलणारे पूर्ववत् बोलत राहतात. संगणकाच्या क्षेत्रात ही सोय नाही. तेथे नियम बदलला की त्या नियमाने सिद्ध होणारा शब्द तत्काळ बदलतो, आणि त्या शब्दावर विसंबून लिहिलेल्या ओळी निरर्थक होतात. लिनक्स प्रणालीतील नेटवर्क इंटरफेसांच्या नामकरणाचा २०१३ पासूनचा इतिहास हे या विरोधाचे बोधप्रद उदाहरण होय. त्या इतिहासाचे आणि तो ज्या नोंदींत ग्रथित झाला आहे त्या नोंदींचे परीक्षण येथे योजिले आहे.

प्रथम वस्तुस्थिती. संगणकाला नेटवर्कशी जोडणारे प्रत्येक कार्ड प्रणालीच्या लेखी एक इंटरफेस असते आणि त्याला एक नाव असते. कार्डाला पत्ता द्यावयाचा, वाहतुकीचा मार्ग ठरवावयाचा, फायरवॉलचे नियम लावावयाचे, तर संरचनेच्या फायलींत बहुधा हेच नाव लिहावे लागते. नाव बदलले आणि फायलीत जुनेच राहिले, तर संगणक नेटवर्कपासून तुटतो. तो संगणक दूरच्या दालनातील सर्व्हर असेल, तर दुरुस्तीसाठी त्याच्यापर्यंत पोहोचण्याची वाटही त्याच नेटवर्कमधून जात असल्याने बंद होते. दोन कार्डांच्या नावांची अदलाबदल झाली तर परिणाम याहून गंभीर होतो. बाहेरच्या जगासाठी लिहिलेले निर्बंध आतल्या बाजूस लागू होतात आणि बाहेरची बाजू मोकळी राहते. म्हणून नावाचा प्रश्न येथे केवळ सोयीचा नसून सुरक्षिततेचाही आहे.

२

लिनक्सचा कर्नल इथरनेट कार्डांना ‘ईथ०’, ‘ईथ१’ अशी नावे देतो. ती ज्या क्रमाने कार्डे सापडतात त्या क्रमाने दिली जातात. या नावातील अंक कार्डाविषयी काहीही सांगत नाही. तो केवळ शोधाचा अनुक्रम होय. संगणकात एकच कार्ड असे तोवर त्यात अडचण नव्हती. परंतु कार्डे दोन वा अधिक झाली आणि ड्रायव्हर एकाच वेळी काम करू लागले, तेव्हा कोणते कार्ड आधी सापडेल याची शाश्वती उरली नाही. आज ज्याचे नाव ‘ईथ०’ आहे त्याचे नाव संगणक पुन्हा सुरू केल्यावर ‘ईथ१’ होऊ शकत होते.

यावरचा पहिला व्यापक उपाय यूडेव्ह या घटकाने केला. प्रत्येक कार्डाचा मॅक पत्ता आणि त्याला एकदा मिळालेले नाव यांची जोडी एका फायलीत लिहून ठेवावयाची आणि पुढील प्रत्येक वेळी तेच नाव द्यावयाचे, अशी ती योजना होती. ही एक प्रकारची नामावली होय. तिच्यातील उणिवा व्यवहारात उघड झाल्या. बिघडलेले कार्ड बदलले की नव्या कार्डाला जुने नाव मिळत नसे, कारण नामावलीत ते नाव गेलेल्या कार्डाच्या नावे लागलेले असे. एका व्हर्च्युअल मशीनची नक्कल करून दुसरे उभे केले की नकलेबरोबर नामावलीही जाई आणि नव्या यंत्रातील एकुलते एक कार्ड ‘ईथ१’ म्हणून अवतरे. शिवाय कर्नल आणि यूडेव्ह हे दोघेही एकाच नाममालेतून नावे देत असल्याने, एक नाव देऊ पाहत असता दुसऱ्याने ते आधीच दिलेले असे, आणि नामांतर फसत असे.

जानेवारी २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या सिस्टमडीच्या १९७व्या आवृत्तीने नामावलीचा मार्ग सोडला. यूडेव्ह तोवर सिस्टमडीत समाविष्ट झाला होता. नाव लक्षात ठेवण्याऐवजी ते कार्डाच्या स्थानावरून प्रत्येक वेळी नव्याने सिद्ध करावयाचे, हे या योजनेचे सूत्र. ‘ईएन’ म्हणजे इथरनेट, ‘डब्ल्यूएल’ म्हणजे बिनतारी जाळे; त्यापुढे स्थानाचे चिन्ह. मुख्य फलकावरच बसविलेले कार्ड असेल तर ‘ईएनओ१’, स्लॉटमध्ये खोवलेले असेल तर ‘ईएनएस१’, आणि पीसीआय बसचा व जागेचा क्रमांकच उपलब्ध असेल तर ‘ईएनपी३एस०’. स्थान तेच राहील तर नावही तेच राहील, आणि त्यासाठी काहीही लिहून ठेवण्याची गरज नाही.

३

या बदलाचे स्वरूप भारतीय शब्दविचारातील एका जुन्या भेदाने नेमके सांगता येते. ज्या शब्दाचा अर्थ अवयवांवरून निघतो तो यौगिक. ज्याचा अर्थ अवयवांवर अवलंबून नसून संकेताने ठरतो तो रूढ. ‘ईथ०’ हे रूढ नाव होते, ‘ईएनपी३एस०’ हे यौगिक आहे. रूढ नावाचा दोष असा की ते वस्तूशी कशानेही बांधलेले नसते, म्हणून ते एका वस्तूवरून दुसरीवर घसरू शकते. यौगिक नाव वस्तूच्या लक्षणाशी बांधलेले असते. १९७व्या आवृत्तीने घसरण्याचा दोष काढला यात शंका नाही. तथापि यौगिक नावाचाही स्वतःचा एक दोष असतो आणि योजनेच्या पुरस्कर्त्यांनी तो आरंभी पुरेसा लक्षात घेतला असे दिसत नाही. अवयवांचे वाचन चुकीचे होते असे पुढे आढळले, तर वाचन सुधारताच नाव बदलते. रूढ नावात सुधारण्यासारखे काही नसते, म्हणून ते सुधारणेने मोडतही नाही.

योजनेला दिलेल्या ‘प्रेडिक्टेबल’ या विशेषणाचाही येथे विचार केला पाहिजे. त्याचा सरळ अर्थ ‘आधी सांगता येण्याजोगे’. यंत्र न पाहता त्याच्या एकुलत्या एका कार्डाचे नाव सांगावयाचे तर पूर्वी ‘ईथ०’ हे उत्तर बिनचूक येत असे. नव्या योजनेत तसे उत्तर देता येत नाही. योजना देते ते स्थैर्य, आणि तेही सशर्त: त्याच यंत्राचे, त्याच स्थानी असलेल्या कार्डाचे नाव पुन्हा तेच येईल. ही शर्त वाटते त्याहून कडक आहे. एखादे निराळेच कार्ड, उदाहरणार्थ चित्रदर्शनाचे, बसविल्यामुळे बसचे क्रमांक पुढे सरकू शकतात, आणि ज्याला कोणी हात लावलेला नाही ते नेटवर्क कार्ड ‘ईएनपी३एस०’चे ‘ईएनपी४एस०’ होते. नावाने सांगितलेले लक्षण बदलले म्हणून नाव बदलले. नियमाच्या दृष्टीने हे शुद्धच आहे. परंतु व्यवस्थापकाला लक्षणाशी कर्तव्य नसते. त्याला वस्तूची ओळख हवी असते. विशेषणाने ओळखीचे आश्वासन दिले आणि नियमाने लक्षणाचे पालन केले, असा हा विसंवाद आहे.

४

यौगिक नावाचा दोष जून २०१८ मध्ये २३९व्या आवृत्तीच्या वेळी ठळकपणे पुढे आला. एसआर-आयओव्ही या पद्धतीने एका भौतिक कार्डापासून अनेक आभासी कार्डे निर्माण करता येतात. त्यांची नावे मूळ कार्डाच्या नावापुढे ‘व्ही’ हे अक्षर आणि क्रमांक जोडून सिद्ध व्हावीत, अशी सुधारणा या आवृत्तीत झाली. सुधारणा तर्कशुद्ध होती, कारण आभासी कार्डाचे मूळ आता नावातच दिसू लागले. काही उपकरणांना निराळी नावे मिळतील अशी पूर्वसूचनाही प्रकाशनाच्या वेळी देण्यात आली होती. परंतु पूर्वसूचना म्हणजे संरक्षण नव्हे. जुन्या नावांवर ज्यांच्या फायली उभ्या होत्या त्यांच्यापुढे फायली बदलणे किंवा नवी आवृत्ती न घेणे, हे दोनच पर्याय राहिले.

त्याच वर्षी डिसेंबरमध्ये २४०व्या आवृत्तीने तिसरा पर्याय दिला. त्या वेळेपासून नामकरणाच्या नियमांच्या प्रत्येक अवस्थेला एक संज्ञा आहे: व्ही२३८, व्ही२३९, व्ही२४० इत्यादी. संगणक सुरू होताना ‘नेट.नेमिंग-स्कीम’ या निर्देशाने कोणत्या अवस्थेचे नियम लावावयाचे ते सांगता येते. अर्थात् प्रणाली नवी घेऊनही नामकरण जुन्या नियमांनी चालू ठेवता येते. या सर्व अवस्थांचा इतिहास एका स्वतंत्र माहितीपृष्ठावर क्रमाने नोंदलेला आहे, आणि प्रस्तुत विषयाच्या अभ्यासकाने वाचावा असा तो मजकूर आहे.

व्ही२४७ची नोंद पाहावी. एका स्लॉटशी निगडित असलेल्या पीसीआय सेतूखाली अनेक नेटवर्क नियंत्रक असले, तर सर्वांना स्लॉटवरून एकच नाव सिद्ध होई आणि नावांचा संघर्ष होई. म्हणून अशा स्थितीत स्लॉटवरून नाव सिद्ध करणेच थांबविले, असे ती सांगते. पुढे व्ही२५१ची नोंद हा निषेध शिथिल करते: उपकरण अनेककार्यी असेल तर स्लॉटवरून नाव सिद्ध करण्यास हरकत नाही, कारण अशा उपकरणाच्या नावात कार्यक्रमांक पृथक् येतोच. येथे उत्सर्ग, अपवाद आणि अपवादाचा अपवाद असा क्रम आहे, आणि शेवटच्या पायरीचे समर्थनही दिलेले आहे. व्ही२४९ची नोंद एस३९० या यंत्रकुलासंबंधी आहे. तेथील स्लॉटनामे षोडशमान अंकांत असताना ती दशमान समजून वाचली जात, त्यामुळे मूल्य चुकीचे निघे किंवा निघतच नसे. ही शुद्ध वाचनदोषाची दुरुस्ती होय. तरीही चुकीच्या मूल्यावरून सिद्ध झालेले नाव कोणाच्या तरी फायलीत बसलेले असू शकते, आणि व्ही२४७ मागून घेणाऱ्याला ते तसेच मिळते. दोष निघाला, आणि दोषाचे अपत्य असलेले नावही ज्याला हवे त्याच्यासाठी जिवंत राहिले.

संस्कृत व्याकरणपरंपरेशी याची तुलना उपयुक्त ठरते. कात्यायन पाणिनीचे सूत्र खोडत नाही. तो आपले वार्तिक सूत्राच्या शेजारी ठेवतो, त्यामुळे दोन्ही वाचकासमोर राहतात. अवस्थांचा हा इतिहासही तसाच रचलेला आहे. भेद प्रामाण्याच्या दिशेत आहे. व्याकरणपरंपरेने तीन मुनींपैकी उत्तरोत्तर मुनीचे मत अधिक प्रमाण मानले. येथे, निदान तत्त्वतः, ज्या नियमावर एखादे यंत्र प्रथम उभे राहिले तोच त्या यंत्रापुरता प्रमाण धरता येतो, मग तो सदोष का असेना. संरचनेच्या साधनांची देखभाल करणाऱ्यांनी शोधलेले हे एक महत्त्वाचे तत्त्व मानावे लागेल: शुद्धाशुद्धतेचा निर्णय नियमाला लागू होतो, प्रचलित नावाला लागू होत नाही.

५

या गुणाबरोबर तीन मर्यादाही नोंदल्या पाहिजेत.

पहिली मर्यादा अशी की गोठविला जातो तो नियम. नियमाला मिळणारी सामग्री गोठत नाही. कर्नल, फर्मवेअर किंवा यंत्ररचना बदलल्याने बसचा क्रमांकच निराळा आला, तर व्ही२३८ मागूनही नाव बदलेल. दुसरी मर्यादा मूळ स्थितीची आहे. सिस्टमडी जशीच्या तशी बांधली तर सर्वांत अलीकडची अवस्था लागू होते. जुनी हवी असेल तर ती मागावी लागते, आणि मागण्यासाठी प्रश्न अस्तित्वात आहे हे आधी ठाऊक असावे लागते. म्हणजे संरक्षण जाणकाराला मिळते. ज्याला त्याची गरज अधिक आहे त्या अजाण व्यवस्थापकाला ते आपोआप मिळत नाही. वितरक ही उणीव भरून काढू शकतात. रेड हॅटने आपल्या वितरणासाठी स्वतंत्र अवस्थासंज्ञा ठरविल्या आहेत. कर्नलच्या विकासकांत चालत आलेला दंडक असा की चालणारा कार्यक्रम कर्नलच्या बदलाने मोडू नये. इंटरफेसांचे नामांतर कर्नलबाहेर होत असल्याने तो दंडक अक्षरशः येथे लागू पडत नाही. परंतु त्याचा हेतू येथेही तितकाच लागू आहे, आणि मूळ स्थिती ठरविताना तो पाळला गेला असे म्हणता येत नाही.

तिसरी मर्यादा नोंदींच्या भाषेची आहे. नोंद सांगते ती नियमात काय बदलले ते. वाचकाला हवे असते ते आपले नाव बदलेल की नाही. ‘स्लॉटवरून नाव सिद्ध होत नाही’ या वाक्यापासून ‘माझ्या यंत्रातील ईएनएस१ उद्या ईएनपी३एस० होईल काय’ या प्रश्नाच्या उत्तरापर्यंत जाण्यासाठी वाचकाला संपूर्ण प्रक्रिया स्वतः करून पाहावी लागते. प्रत्येक नोंदीखाली जुने रूप आणि नवे रूप यांची एक जोडी नियमाने दिली, तर हा मजकूर तज्ज्ञांच्या स्मरणिकेऐवजी वापरणाऱ्यांचा कोश होऊ शकेल.

२०२० च्या जानेवारीत आलेल्या कर्नलच्या ५.५ आवृत्तीने या प्रश्नाला एक निराळी दिशा दिली. तिच्यापासून एका इंटरफेसला मुख्य नावाखेरीज पर्यायी नावेही देता येतात. मुख्य नावाला पंधरा अक्षरांची मर्यादा आहे, पर्यायी नावे त्याहून पुष्कळ मोठी असू शकतात. सिस्टमडीही आता स्थानावरून सिद्ध होणारी निरनिराळी नावे पर्याय म्हणून जोडते. भाषेत नवा शब्द आल्याने जुना लगेच मरत नाही, दोन्ही काही काळ शेजारी नांदतात. ती मुभा यंत्राला प्रथमच येथे मिळाली. अद्याप तिचा लाभ अपुरा आहे, कारण केवळ मुख्य नावाची अक्षरे ताडून पाहणाऱ्या साधनांना पर्यायी नाव उपयोगी पडत नाही. ज्याला आजच निश्चिंती हवी आहे त्याच्यासाठी ‘.लिंक’ फायलीत स्वतः निवडलेले रूढ नाव लिहून ते एका निश्चित कार्डाशी जोडणे हा मार्ग खुला आहे, आणि सिस्टमडीच्या कर्त्यांनीही तो सांगितलेला आहे. ‘आतलेजाळे०’ अशा अर्थाचे एखादे नाव कार्डाचे काम सांगते. त्याचे स्थान ते सांगत नाही, म्हणून स्थानाच्या वाचनातील दुरुस्ती त्याला बाधत नाही. त्याची किंमत एवढीच की कार्ड बदलले तर त्या फायलीतील एक ओळ माणसाला हाताने बदलावी लागते, आणि कोणती ओळ बदलावयाची हे त्याला आधीच माहीत असते.