मुलगा कुणाचा?

मंडळी, सुडावर इतकं बोललो आणि ‘द काउंट ऑफ माँटे क्रिस्टो’चं नाव कसं घेतलं नाही, असं काही श्रोत्यांनी विचारलं. आज तेच घेऊ. कादंबरी अलेक्झांडर द्यूमा यांची, १८४४ ते १८४६ दरम्यान पॅरिसच्या वृत्तपत्रात क्रमशः आलेली. चित्रपट केविन रेनल्ड्स यांचा, २००२ सालचा.

चित्रपट वाईट नाही, हे आधीच सांगतो. रिचर्ड हॅरिस यांनी केलेला तुरुंगातला फारिया पुनःपुन्हा पाहावा असा आहे. (हे नाव गोव्यातल्या कांदोळीला जन्मलेल्या आबे फारियांचं. पणजीत त्यांचा पुतळा आहे. द्यूमांनी मात्र त्यांना इटालियन करून टाकलं!) चित्रपटात हा फारिया एडमंड दांतेसला तलवारही शिकवतो. कादंबरीत तसं काही नाही. आता तलवार शिकवली म्हटल्यावर शेवटी द्वंद्व आलंच, आणि एडमंड फर्नांडला स्वतःच्या हातानं मारतो. द्यूमांचा काउंट तिन्ही शत्रूंपैकी एकालाही स्वतः मारत नाही.

पण आमचा खरा आक्षेप वेगळा आहे. कादंबरीत आल्बर्ट हा फर्नांडचा, म्हणजे शत्रूचाच मुलगा. द्वंद्वाच्या आदल्या रात्री मेर्सेदेस येते आणि त्याच्यासाठी पदर पसरते. काउंट कबूल होतो. म्हणजे उद्या आपण मरायचं, हेही त्यानं मनाशी धरलेलं असतं. ही क्षमा महाग आहे, कारण पोर परक्याचं आहे. चित्रपटात एडमंडची तलवार आल्बर्टवर येते, तेव्हा मेर्सेदेस सांगते की हा तुझाच मुलगा. झालं! हात थांबतो. अहो, स्वतःच्या रक्तासाठी कुणाचा हात थांबत नाही? त्याला आपण नीती म्हणायचं का? आम्ही तरी म्हणणार नाही. पटकथेनं एका वाक्यात प्रश्नच काढून टाकला.

दुसरं एक मूल तर चित्रपटात नाहीच. विलफोरच्या घरात काउंटनं विषाची विद्या पोचवली, आणि शेवटी त्याची बायको स्वतःबरोबर लहानग्या एदुआरलाही विष देते. काउंट त्या पोराला वाचवायला धडपडतो, ते वाचत नाही. आपण देवाच्या वतीनं न्याय करतोय, ही त्याची समजूत तिथे हादरते. पुढे तो दांग्लारला सोडून देतो, त्याचं मूळ या मृत्यूत आहे.

दोन्हीकडे नायक अखेर शातो दीफच्या तुरुंगात परततो. चित्रपटात फारियाचं स्मरण करून, सूड सोडला असं सांगून, बायकामुलासह निघतो. कादंबरीत तो एकटा जातो, एदुआरच्या मृत्यूनंतर, आपलं चुकलं का हे तपासायला. तुरुंग आता बंद झालाय, लोक बघायला येतात. आणि तिथला वाटाड्या त्याला त्याचीच गोष्ट सांगतो, समोर कोण उभं आहे हे न ओळखता.