बाटवणारा पाव, बाटवणारी माणसे

गावातल्या बेकरीवर कौतुकाने लिहिण्याची मराठीत एक रीत पडली आहे. पहाटेची भट्टी, ताज्या पावाचा वास, पिढ्यान्‌पिढ्या राबणारे कुटुंब आणि त्याच्याभोवती जमणारा 'सारा गाव'. हे लेखन खोटे आहे असे माझे म्हणणे नाही. पण त्यातला 'सारा गाव' म्हणजे कोण, हा प्रश्न लेखक विचारत नाही आणि समीक्षकही विचारत नाही. मला तो विचारावा लागतो. मी बदलापूरजवळच्या चामटोलीची. बेकरी मला आठवते ती तिच्या फळीमुळे.

आमच्या लहानपणी त्या भागातल्या एका बेकरीत इतरांच्या हातावर पाव दिला जाई. आमची लादी फळीवर ठेवली जाई आणि पैसेही आम्ही फळीवरच ठेवायचे. कोणी शिवी दिली नाही, कोणी हाकलले नाही. आई म्हणायची, "घे नि चल." तिला कामावर जायची घाई असे, पावाला भाकरी थापण्याचा वेळ लागत नसे. शिवाय तिच्या आजीने दारोदार मागून आणलेल्या भाकरीच्या आठवणी तिने ऐकल्या होत्या. बलुत्याच्या भाकरीमागे हक्क होता असे म्हणतात. तो हक्क हात पसरून वसूल करावा लागे. पाव विकत घेता येई. पैसे मोजले की उपकार संपत. फळी तेवढी राहिली.

आता पावाचा इतिहास पाहा. पोर्तुगीज अमलात विहिरीत पाव टाकला, ते पाणी प्यायल्याने गावेच्या गावे बाटली, अशी कथा वसईकडे सांगतात. ती दंतकथा असेल. तिच्यामागचे मन मात्र खरे आहे. 1849 साली मुंबईत स्थापन झालेल्या परमहंस सभेत प्रवेश घेणाऱ्याला ख्रिस्त्याने भाजलेला पाव खावा लागे, आणि सभेचा कारभार गुप्त असे. 1890 साली पुण्याच्या पंचहौद मिशनमधील चहा-बिस्किटांवरून न्यायमूर्ती रानडे आणि टिळक यांच्यासारख्यांवरही ग्रामण्य आले. प्रबोधनाच्या इतिहासात या घटनांना मान आहे, कारण त्या खाणाऱ्यांजवळ गमावण्यासारखी जात होती. पाव खाऊन ज्यांचे काहीच जाणार नव्हते, त्यांच्या पावाचा इतिहास कोणी लिहिला नाही.

20 मार्च 1927 रोजी बाबासाहेबांनी महाडच्या चवदार तळ्याचे पाणी प्राशन केले. सवर्णांनी पंचगव्य मिसळलेल्या 108 घागरी ओतून तळे 'शुद्ध' करून घेतले. म्हणजे पाणी बाटवण्याच्या बाबतीत पाव आणि आम्ही एकाच पंक्तीचे! पुढे पावाला माफी मिळाली. वडा पोटात घेऊन तो घरोघरी गेला; त्याच्याकडे कोणी प्रायश्चित्त मागितले नाही. आम्ही तर माफी मागावी असे काही केलेच नव्हते. तरीही पाव ओट्यावरून आत गेला आणि तो विकत घेणारी माझी आई फळीअलीकडेच उभी राहिली. वस्तूचा विटाळ फिटतो, माणसाचा फिटत नाही, ही जातिव्यवस्थेची रीत बेकरीइतकी उघड दुसरीकडे क्वचितच दिसते.

शाहू पाटोळे यांच्या 'अन्न हे अपूर्ण ब्रह्म' (2015) या पुस्तकाचे मोल येथे कळते. मराठवाड्यातील महार-मांगांचे अन्न त्यांनी संकोच न करता नोंदवले, आणि 'पूर्णब्रह्मा'च्या ताटातून कोण वगळले गेले हे शीर्षकातच सांगितले. तिथे प्रश्न मुख्यतः गावगाड्यातल्या अन्नाचा आहे. अंबरनाथ-उल्हासनगरच्या कारखान्यांकडे, शहराकडे रोजीसाठी निघालेल्या आमच्या माणसांनी चहात बुडवून खाल्लेल्या विकतच्या पावाची नोंद अजून व्हायची आहे. ती आपणच केली पाहिजे.

बेकरीवर लिहिणाऱ्यांनी भट्टीची ऊब जरूर वर्णावी. त्याबरोबर पाव कोणाच्या हातावर पडला आणि कोणासाठी फळीवर ठेवला गेला, हेही लिहावे. तेवढे आले नाही तर ते गावाचे चित्र होत नाही. गिऱ्हाइकांच्या अर्ध्याच रांगेचे होते.