एका भिंतीवर अनेक हात

चित्रशिबिर भरवायचे ठरले, की पहिली बैठक उत्साहाची होते आणि दुसरी भांडणाची. आमच्या वस्तीतील वाचनालयाने दिवाळीच्या सुट्टीत चार दिवसांचे शिबिर योजले: तीस मुले, सहा वडीलधारी माणसे आणि आवाराची चाळीस फूट लांबीची भिंत. पहिल्या बैठकीत सर्वांचे एकमत होते, कारण त्या दिवशी ‘सर्वांनी मिळून’ या दोन शब्दांपलीकडे कोणी काही बोललेच नाही. दुसऱ्या बैठकीत हे मिळून म्हणजे नेमके कसे, असा प्रश्न निघाला. हिशेब पाहणाऱ्या अण्णांनी सुचवले, की भिंतीचे तीस सारखे चौकोन आखावेत आणि मुलामागे एक द्यावा. म्हणजे कोणाच्या आईची तक्रार यायला नको. चित्रकलेच्या एक निवृत्त शिक्षिका आहेत, सारी वस्ती त्यांना बाई म्हणते. त्या म्हणाल्या, “अण्णा, मग भिंत हवी कशाला? तीस कागद आणा आणि सरळ परीक्षाच घ्या की!”

बाई हसत हसत बोलून गेल्या, पण त्यांनी ज्या जागी बोट ठेवले ती जागा आपल्या कलाविचारात बरीच दुर्लक्षित राहिली आहे. मैदानावर शंभर मुले ओळीने बसवून शंभर कागद रंगवून घेतले, की आपण त्याला सामुदायिक चित्रकला म्हणतो. वास्तविक तेथे समुदाय असतो तो फक्त सतरंजीवर. उलटपक्षी, एकच कागद पाच जणांपुढे टाकून ‘काढा रे मिळून’ असे सांगितले, तर त्यातला एक धीट मुलगा चित्र काढतो आणि उरलेले चौघे त्याला रंगाच्या वाट्या पुरवतात. या दोन्ही प्रकारांत एकाच्या हाताची दुसऱ्याच्या हाताशी गाठ पडत नाही. ती पडायची तर माझ्या रेषेवर दुसऱ्याचा रंग चढणार, हे मला आधी मान्य करावे लागते. शिबिराची आखणी करताना अवघड जाते ते हेच. वेळापत्रक काय, कोणीही लिहील.

या बाबतीत अकबराच्या चित्रशाळेकडे पाहण्यासारखे आहे. ‘हम्झानामा’ची सुमारे 1400 मोठी चित्रे तेथे साधारण पंधरा वर्षांत झाली, आधी मीर सय्यद अली आणि मागाहून अब्दुस्समद हे त्या कामाचे प्रमुख होते. एका माणसाच्या आवाक्यातले हे काम नव्हेच. परंतु ती चित्रशाळा अधिक बोलकी होते ती पुढच्या ‘अकबरनामा’च्या पोथीत. ही पोथी 1590 नंतरच्या काही वर्षांतली असून आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहे. तिच्यातील चित्रांखाली कारकुनी अक्षरात नोंदी आहेत: ‘तरह’ अमक्याची, म्हणजे मांडणी आणि रेषा त्याची, ‘अमल’ तमक्याचा, म्हणजे रंगकाम त्याचे. कधी चेहऱ्यांपुरता तिसराच चित्रकार असतो आणि त्याचेही नाव तेथे असते.

या पोथीत दोन पानांवर पसरलेले एक चित्र आहे. 1561 साली तरुण अकबर हवाई नावाच्या अनावर हत्तीवर बसून दुसऱ्या हत्तीचा पाठलाग करीत यमुनेवरच्या नावांच्या पुलावर शिरला, तो प्रसंग. पूल हत्तींच्या भाराने दबतो आहे, नावाडी नावा सावरताहेत, आणि एक दरबारी भयाने हात जोडून उभा आहे. मांडणी बसावनची, रंग चेतरचे. मला या चित्रात नेहमी कुतूहल वाटते ते पाण्याचे. नावांच्या तिरप्या ओळीने सारा गोंधळ एका दिशेला लोटून देण्याची युक्ती बसावनची. पण त्या नावांखाली पाणी हिंदकळल्याचा भास होतो, तो रंग भरणाऱ्याच्या हाताशिवाय व्हायचा नाही. बसावनने आखलेली मूळ रेषा आज कोणाला दिसत नाही, ती रंगाखाली गेली. तरीही चित्र तिच्यावरच उभे आहे. आपली रेषा अशी झाकली जाणार हे ठाऊक असूनही बसावनने ती आळसाने ओढलेली नाही. मला वाटते, सहकार्याची याहून कठीण कसोटी नसेल.

अर्थात् बादशाही कारखान्याचे गोडवे गाताना एक गोष्ट विसरता कामा नये. दर आठवड्याला चित्रे बादशहापुढे मांडली जात आणि गुणाप्रमाणे बक्षीस मिळे किंवा पगार वाढे, असे अबुल फजलने नमूद केले आहे. म्हणजे साऱ्या चित्रावर एक नजर होती आणि त्या नजरेच्या हाती थैली होती. आमच्या वाचनालयाकडे थैली नाही, आणि बादशहा व्हायला मात्र सहाही वडीलधारी तयार आहेत! तरीसुद्धा अखेरचा शब्द कोणाचा, हे ठरवल्यावाचून भिंतीला हात लावण्यात अर्थ नाही. सर्वांचा शब्द अखेरचा मानला, की शेवटी सगळ्यांत मोठा आवाज जिंकतो.

नावे लिहिण्याची ती कारकुनी सवय पुढे आपल्याकडे का टिकली नाही कोण जाणे. 1872 पासून 1885 पर्यंत मुंबईच्या सर जे. जे. कलाशाळेचे विद्यार्थी जॉन ग्रिफिथ्सबरोबर अजिंठ्याच्या लेण्यांत मोसमामागून मोसम राहून भित्तिचित्रांच्या नकला करीत होते. पेस्तनजी बोमनजींसारखा पुढे नामांकित झालेला चित्रकार त्यांत होता. नकलांपैकी बऱ्याच 1885 च्या लंडनमधील आगीत जळाल्या. उरल्या त्यांना आपण सरसकट ‘ग्रिफिथ्सच्या नकला’ म्हणतो, आणि अंधारात दिवा धरून त्या रंगवणारे हात त्या एका षष्ठीच्या प्रत्ययात गडप होतात.

यावर कोणी म्हणेल, की नाव हवेच कशाला? आपल्या परंपरेत कलावंत निनावीच असे. हे म्हणणे ऐकायला गोड आहे आणि अर्धेच खरे आहे. डहाणू–तलासरीकडील वारली घरात लग्नाच्या वेळी आतल्या भिंतीवर चौक लिहितात. हो, तेथे चौक काढत नाहीत, लिहितात. गेरूने सारवलेल्या भिंतीवर तांदळाच्या पिठाचे पाणी, हातात बांबूची चेचलेली काडी, आणि लिहिणाऱ्या सुवासिनी. एकीने काठाची नक्षी धरली, तर दुसरी तिच्या शेजारून पुढे जाते. मध्ये पालघट देवी येते. धवलेरीची गाणी होतात. चौकाखाली नाव नसते. पण घरात, पाड्यावर सर्वांना ठाऊक असते, की कोणाचा हात बारीक आहे आणि कोणाला देवी लिहायला बोलवायचे. निनावीपण असते ते बाहेरून येणाऱ्यासाठी.

पुढे 1970 नंतर भास्कर कुलकर्णींनी या चित्रकारांच्या हाती कागद दिला. गंजाडच्या जिव्या सोमा मशे यांची चित्रे 1975 साली मुंबईच्या कलादालनात लागली आणि 2011 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. मशे मोठ्या ताकदीचे कलावंत होते. त्यांच्या जाळे टाकणाऱ्या कोळ्याच्या चित्रात जाळ्याच्या विणीने सारा कागद श्वास घेऊ लागतो, ते एकट्याच्या प्रतिभेचेच काम आहे. त्यांचे यश कोणाच्या वाट्यातून हिरावलेले नाही. मात्र कागद आला, तशी सहीची जागा आली; सही एकाची असते, आणि ती बहुधा पुरुषाची झाली. भिंतीवर जो हात सुवासिनींचा होता त्याचा हिशेब कागदाने मांडलाच नाही. दोष द्यायचा तर तो आम्हा लिहिणाऱ्यांना द्यावा लागेल, कारण आमच्या लेखणीला एक नाव सापडले की पुरते.

मुलांना हे सारे समजावून सांगण्याची गरज आहे असे मला वाटत नाही, कारण दिवाळीत ती किल्ला करतातच. एक जण विटा गोळा करतो, दुसरा गोणपाट भिजवून चिखलात बुडवतो, तिसरीच्या आळिवाला चौथ्या दिवशी कोंब येतात, आणि महाराजांना सिंहासनावर कोणी बसवायचे यावरून अबोला धरला जातो. किल्ला साऱ्या चाळीचा. परंतु डावीकडचा बुरूज कोणाचा, भुयार कोणी कोरले आणि ते कोणाच्या पायाने ढासळले, हे त्यातल्या कोणत्याही पोराला विचारा, ते मे महिन्यातसुद्धा सांगेल.

तिसऱ्या बैठकीत म्हणून आखणी बदलली. चौकोन रद्द झाले. पहिल्या दिवशी दहा मुले फक्त कोळशाने रेषा ओढतील. दुसऱ्या दिवशी दुसरी दहा रंग भरतील. त्यांना रेषा ओलांडण्याची मुभा आहे, पुसण्याची नाही. तिसऱ्या दिवशी उरलेली दहा जण चेहरे, झाडे, पक्षी, जे राहिले असेल ते करतील. अखेरचा शब्द बाईंचा. चौथ्या दिवशी पालक येतील तेव्हा भिंतीच्या पायथ्याशी, अकबराच्या कारकुनासारखे, कोणाची रेषा आणि कोणाचा रंग ते लिहिलेले असेल. अण्णांना ही व्यवस्था अजून पटलेली नाही. “रेषा ओढणाऱ्याची आई येऊन विचारील, माझ्या पोराचे चित्र कुठे आहे, तर काय दाखवू?” असा त्यांचा सवाल आहे, आणि तो रास्त आहे. बाईंनी उत्तर दिले नाही. त्यांनी पहिल्या दिवसाच्या कोळशाचा एक फोटो काढून तो भिंतीशेजारी लावण्याचे सुचवले. त्यावर मतदान व्हायचे आहे.