'तटस्थ' म्हणजे शून्य नव्हे

संयुक्त राष्ट्रांतल्या मतदानाचा डेटा हाताळताना 'तटस्थ' दिसलं की शून्य टाकून मोकळे होऊ नका. सोबतचं स्पष्टीकरण वाचा, आणि ते टिकतं का तेही बघा.

गाझाचंच घ्या. २७ ऑक्टोबर २०२३ ला आमसभेच्या ठरावावर भारत तटस्थ राहिला. हमासच्या हल्ल्याचा निषेध त्यात नव्हता. तो घालू पाहणाऱ्या कॅनडाच्या दुरुस्तीला भारताने पाठिंबा दिला होता. पटो न पटो, तर्क सरळ आहे. पण १२ डिसेंबरच्या युद्धबंदीच्या ठरावातही तो निषेध नव्हता, तरी भारताचं मत बाजूने पडलं! आणि १२ जून २०२५ ला, पुन्हा युद्धबंदीचाच ठराव, १४९ देश बाजूने, भारत मात्र तटस्थ. स्पष्टीकरणात आधीच्या तटस्थतेशी सातत्य सांगितलं. मधल्या होकाराचं काय, यावर काहीच नाही.

धोरण बदलू शकतं, त्याबद्दल तक्रार नाही. पण निकाल बदलला आणि पद्धत तीच लिहिली, तर आपला गाईड प्रबंध परत पाठवेल ना? इथे कुणीच पाठवत नाही. (संसदेने पाठवायला हवा, असं मला वाटतं.)

तुमच्या तक्त्यात मताशेजारी कारणाचा एक रकाना ठेवा. मी ठेवला, तेव्हाच हा जून खटकला.