मांजरसुंब्याच्या चौकातलं दिल

मटणाच्या दुकानात काळीज मागितलं की यकृत मिळतं. हृदय हवं असेल तर ‘दिल’ म्हणावं लागतं. मांजरसुंब्याच्या चौकातून एकदा बकऱ्याचं दिल बांधून घेतलं, घरी आणून धुतलं आणि धारदार सुरीनं उभं चिरलं. आकारानं लहान, पण बांधणी माणसाच्या हृदयासारखीच. चार कप्पे, चार झडपा. तेव्हापासून माझं मत पक्कं झालं आहे. हृदयाच्या धडधडीचं कौतुक सगळेच करतात. त्याची खरी करामत दोन ठोक्यांच्या मधल्या थांबण्यात आहे.

आधी शब्दच पाहा. वरच्या कप्प्यांचं अलिंद आणि खालच्यांचं निलय ही नावं आपण परीक्षेपुरती घोकली. संस्कृतात अलिंद म्हणजे दारापुढचा ओटा आणि निलय म्हणजे घर. ही नावं ज्यानं योजली त्याला वाडा ठाऊक असणार. रक्त आधी ओट्यावर टेकतं, मग घरात शिरतं. ओट्याच्या भिंती पातळ, कारण रक्त शेजारच्या खोलीतच लोटायचं असतं. उजव्या निलयाला ते फुप्फुसांपर्यंत पोचवायचं, डाव्याला डोक्यापासून पायाच्या अंगठ्यापर्यंत. म्हणून डाव्याची भिंत उजव्याच्या जवळपास तिप्पट जाड. चिमटीत धरली की फरक लगेच कळतो.

डावं निलय उघडलं की पांढरे, चिवट दोरे दिसतात. एक टोक भिंतीतून वर आलेल्या मांसाच्या खुंट्यांना, दुसरं झडपेच्या कडेला. हे दोरे झडप ओढून उघडत असतील, असं मला वाटायचं. पण झडप रक्ताच्या दाबानंच उघडते आणि मिटते. निलय आवळलं की रक्त उलटं ओट्याकडेही धावू पाहतं. त्या वेळी वादळातल्या छत्रीसारखी झडप उलटी होऊ नये म्हणून हे दोरे तिला धरून ठेवतात. डॉक्टर ऐकतात तो लब-डब आवाज हृदयाच्या झडपा मिटतानाचा.

दोन ओट्यांमधल्या पडद्यावर अंगठा दाबल्यासारखी खोलगट खूण असते. आईच्या पोटात असताना तिथे दार होतं. बाळाची फुप्फुसं तेव्हा श्वासाला लागलेली नसतात, म्हणून बरंचसं रक्त थेट पलीकडे जातं. जन्मल्यावर श्वास सुरू झाला की डावीकडचा दाब वाढतो आणि दार लोटलं जातं. पुढे ते सांधतं. साधारण चारांतल्या एका माणसात मात्र ते नुसतं लोटलेलंच राहतं, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्याचा पत्ता लागत नाही. बीड, सोलापूर, पाटोदा आणि केजच्या वाटा मांजरसुंब्याला मिळतात, तिथे गाड्यांची सरमिसळ होते. हृदयाच्या चौकात जन्मानंतर सरमिसळ चालत नाही.

मांजरसुंब्याहून बीडकडे जाताना खजाना विहीर आहे. निजामशाहीत सलाबतखानानं 1583 च्या सुमारास राजा भास्कर या स्थापत्यकाराकडून ती बांधून घेतली. दोन भुयारांतून पाणी आत येतं, तिसऱ्यातून शेतांकडे जातं. गॅलेनच्या प्राचीन वैद्यकात रक्ताचं चित्र असंच होतं: यकृतात तयार व्हायचं आणि पाटाच्या पाण्यासारखं अवयवांत मुरायचं. चरकसंहितेतही रक्तवह स्रोतसांचं मूळ यकृत आणि प्लीहाच. मटणवाल्याचं ‘काळीज’ मग तितकं चुकीचं वाटत नाही. 1628 साली विल्यम हार्वेनं साधा हिशेब मांडला. अर्ध्या तासात हृदयातून जातं तेवढं रक्त अख्ख्या शरीरातही नसतं. म्हणजे तेच फिरून परत येत असणार. रोहिणीतून ते नीलेत कसं जातं हे त्याला दिसलं नव्हतं. दोन्हींना जोडणाऱ्या केशवाहिन्या 1661 मध्ये मालपिघीनं सूक्ष्मदर्शकातून पाहिल्या. अंगात रक्त जेमतेम 5 लिटर, पण हृदय दिवसाला 7,000 लिटरच्या आसपास पुढे ढकलतं. टँकरची वाट पाहिलेल्या बीडकराला हा आकडा समजावून सांगावा लागत नाही.

रक्ताची परतीची चढण सोपी नाही. पायांतल्या नीलांना आत झडपा असतात आणि चालताना पोटऱ्या त्यांना पिळून रक्त वर चढवतात. कार्तिकात मन्मथस्वामींच्या समाधीसाठी कपिलधारला पायी जाणाऱ्यांचं प्रत्येक पाऊल हेच काम करत असतं.

आता त्या थांबण्याकडे येतो. मिनिटाला 75 ठोके धरले तर एका ठोक्याला 0.8 सेकंद मिळतात. त्यातले 0.3 सेकंद निलय आवळलेलं, उरलेले 0.5 सैल. या सवडीत ते भरतं आणि याच सवडीत जेवतं. हृदयाला स्वतःचं रक्त मिळतं ते महारोहिणीच्या अगदी मुळाशी फुटणाऱ्या दोन रोहिण्यांतून, आणि डाव्या निलयाच्या आवळलेल्या भिंतीत ते नीट शिरू शकत नाही. भिंत सैल पडावी लागते. मांजरसुंब्याचा घाट पायी चढताना ठोके वाढतात, तेव्हा आवळण्याचा वेळ थोडाच घटतो. जास्त आटते ती ही सवड.